जवसाच्या शेतातले पाच तरुण

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी फेल्डहोवनला आले, तेव्हा माझ्या गाठीशी माहितीपटांच्या एडिटिंगचा दहा वर्षांचा अनुभव होता, आणि त्याचा इथे काही उपयोग होईल असं मला स्वतःलाही वाटत नव्हतं. आमच्या गल्लीत चार घरं मराठी, आणि चारही घरांतलं कुणी ना कुणी चिप बनवण्याच्या मशीनवर काम करणारं. नवीन कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तुम्हीपण त्याच कंपनीत का? मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न सुचायला समोरच्याला जरा वेळ लागायचा.

दोन वर्षं मी खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच भाषेच्या वर्गाला गेले. तिथल्या शिक्षिकेने एकदा प्रत्येकाला पूर्वीच्या कामाबद्दल बोलायला लावलं. मी मोडक्यातोडक्या डचमध्ये फिल्म, कात्री, जोडणी असे शब्द जुळवत कसंबसं सांगितलं. वर्ग संपल्यावर तिने एका कागदावर मला पत्ता लिहून दिला. आइंडहोवनमधल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आसपासच्या गावांच्या जुन्या फिल्म जपून ठेवणारी एक छोटी संस्था होती. त्यांना मदतीला माणसं हवी होती. मी सायकल काढली आणि गेले. आधी वर्षभर बिनपगारी, नंतर आठवड्यातून तीन दिवस पगारी, असं ते काम आजही चालू आहे आणि माझं तिथे छान चाललंय.

त्या जागेचा कारभार एक सत्तरीपार गेलेले गृहस्थ बघतात. इथे साहेबालाही नुसत्या नावाने हाक मारतात, पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तसं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना 'मेनेर' म्हणायला लागले, म्हणजे आपल्याकडचं 'साहेब' किंवा 'महाशय'. महिनाभर त्यांनी हरकत घेतली, मग नाद सोडला. आता सगळेच त्यांना मेनेर म्हणतात आणि त्याचा दोष माझ्यावर आहे. उंच, काटकुळे, कमी बोलणारे. फिल्मचा तुकडा हातात घेतला की मात्र त्यांची बोटं एखाद्या सोनाराची वाटावीत इतकी हलकी होतात.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्याकडे एका बंद पडलेल्या शाळेच्या माळ्यावरून काही डबे आले. शाळेची इमारत पाडायची होती, म्हणून गावकऱ्यांनी सापडेल ते गाडीत भरून पाठवलं होतं. बहुतेक डब्यांत नकाशांच्या फिल्मपट्ट्या आणि दातांची निगा कशी राखावी असलं काहीतरी होतं. एका डब्यावर मात्र फिकट शाईने नुसतं 'जवस' लिहिलेलं होतं. उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की असाच वास येतो. मेनेर म्हणाले, ही आधी बघून घे, हिच्याकडे फार वेळ नाही.

आमच्या फिल्म बघायच्या टेबलावरचा, फिल्मच्या कडेवरचा आवाज वाचणारा दिवा त्या आठवड्यात गेलेला होता. त्यामुळे मी ती फिल्म पहिल्यांदा पाहिली ती मुकी.

बारा-तेरा मिनिटांची काळीपांढरी फिल्म. सुरुवातीला वाऱ्यावर डोलणारं फुललेलं शेत. जवस म्हणजे माझ्या लेखी चटणी, फार तर तिळाच्या शेजारी बरणीत ठेवायचं काहीतरी. त्याच झाडाच्या काडीपासून लिनन होतं हे मला त्या दिवशी कळलं. बायका आणि पुरुष रांगेने वाकून रोपं मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधतात, त्या पेंढ्या पाण्यात कुजत घालतात, आपल्याकडे ताग कुजवतात तशा. मग वाळवणं, कुटणं, विंचरणं, आणि शेवटी मागावर विणलेलं पांढरं कापड एका म्हाताऱ्याच्या हातावर उलगडतं.

सांगायची गोष्ट ही की फिल्म फार सुंदर होती. उन्हात उभ्या केलेल्या पेंढ्यांमधून सात-आठ वर्षांची एक मुलगी पळत येते, आणि ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाते त्या क्षणी दृश्य बदलून मागाचा धोटा सर्रकन डावीकडून उजवीकडे जातो. मुलीचं पळणं आणि धोट्याचं जाणं एकाच वेगाचं, एकाच दिशेचं. मी ती जोडणी सहा वेळा पुढेमागे करून पाहिली. ढग असे निवडलेले की जणू कुणी ते मागवून घेतले होते. इतकं नीट बसवलेलं काम मी फार थोडं पाहिलंय. घरी जाताना सायकलवर मी स्वतःशीच हसत होते. जेवताना नवऱ्याला त्या धोट्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, हे टायमिंग जमवायला आमच्याकडे पन्नास माणसं लागतात.

दोन दिवसांनी नवा दिवा बसवला आणि आवाज सुरू झाला.

एक भारदस्त पुरुषी आवाज बोलत होता. पहिली दोन मिनिटं रोपांबद्दल, पावसाबद्दल. मग हळूहळू माती आणि रक्त हे शब्द शेजारी शेजारी यायला लागले. परक्यांच्या बाजारावर आता अवलंबून राहायला नको, गावाची माती गावाच्या लोकांची, या मातीने आपले मुलगे आपल्याजवळ ठेवलेत, असं काहीबाही. आवाज कुठेही चढत नव्हता. शेवटच्या दृश्यात कापडाच्या घडीवर एक चिन्ह काही क्षण दिसलं. मुक्या फिल्ममध्ये ते मला कापडावर असतो तशा शिक्क्यासारखं वाटलं होतं. मेनेर माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले की ही दुसऱ्या महायुद्धातली, जर्मनांच्या ताब्यातल्या वर्षांतली आहे, शाळांमध्ये दाखवायला केलेली. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला माझ्या सायकलवरच्या हसण्याची लाज वाटली.

तरी मी फिल्म सोडली नाही. एडिटरची एक खोड असते. काम आवडलं की ते कसं केलंय हे उसवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी एकेक दृश्य वेगळं काढून नोंद करायला लागले. कोण दिसतं, किती वेळ दिसतं, ऊन कुठल्या बाजूने आहे. तिसऱ्या दिवशी मला खटकलं. रोपं उपटणारा एक तरुण पेंढी बांधताना डाव्या हाताने गाठ मारत होता. पुढे गाडीवर पेंढ्या चढवणारा, वेगळी टोपी घातलेला तरुणही डावखुरा. तळ्याच्या कडेला पाठमोरा उभा असलेला, बाह्या दुमडलेला, त्याचाही दोर डाव्या हातात. मी त्या सगळ्या चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं, शेजारी शेजारी लावल्या. उजव्या कानाच्या पाळीला एक छोटी खाच होती. पाचही ठिकाणी.

फिल्ममध्ये पाच तरुण दिसत होते आणि ते पाचही एकच माणूस होते. बाकी सगळे म्हातारे, बायका आणि मुलं. टोप्या, सदरे आणि कॅमेऱ्याची जागा बदलून, मधे दुसरी दृश्यं घालून, कुणीतरी अख्खं गाव तरुणांनी भरलेलं दाखवलं होतं.

मेनेरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. त्या दिवसांत तरुण पोरांना जर्मनीतल्या कारखान्यांत कामाला नेत, ते म्हणाले. जे गेले नाहीत ते कुठे ना कुठे लपलेले असत. गावात तरुण उरलेलेच नव्हते. मग त्यांनी विचारलं, "तुला हे कसं दिसलं? मी तीस वर्षं हे काम करतोय, मला दिसलं नसतं."

मला का दिसलं ते मला माहीत होतं. मी ते त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. पुण्यात असताना एका सरकारी खात्यासाठी मी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरचा एक माहितीपट कापला होता. नव्या घराच्या दारात उभी असलेली एक बाई कॅमेऱ्याकडे बघून हसते, असं त्यात एक दृश्य आहे. ती खरंच हसली होती. पण हसल्यावर लगेच ती म्हणाली होती की इथे विहिरीला पाणी नाही, आणि तिचा चेहरा बदलला होता. मी तो तुकडा हसण्यावर संपवला. कुणी मला धमकावलं नव्हतं. खात्याच्या माणसाने फक्त म्हटलं होतं की हे जरा लांबतंय. आणि खरंच, कापल्यावर ते दृश्य जास्त छान झालं. त्या माहितीपटाचं कौतुक झालं. गर्दी कमी पडली की तीच माणसं दुसऱ्या बाजूने दाखवायची युक्तीही मी त्याच कामात शिकले होते.

मेनेर पावाचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होते. ते म्हणाले, "आणि कापलेला तुकडा कुठे आहे?"

"टाकून दिला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या कपात कॉफी ओतली. एवढंच. पण ते बोलून टाकल्यावर मला हलकं वाटलं, आणि त्या दिवसापासून आम्ही ती फिल्म दोघांनी मिळून पाहायला लागलो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठल्या गावाची फिल्म सापडली की त्या गावात जाऊन ती दाखवायची आणि लोकांना विचारायचं, यातली माणसं कोण, ही गल्ली कुठली. ज्या शाळेतून डबे आले ते गाव आमच्यापासून तासाभरावर, दोनदा बस बदलून. तिथल्या लोकांनी आम्ही पाठवलेल्या फोटोतला देवळाचा, म्हणजे त्यांच्या चर्चचा, मनोरा बघून लगेच ओळखलं की ही फिल्म त्यांच्याच गावात काढलेली आहे. सभागृह मिळालं, दिवस ठरला. आणि मग माझं आणि मेनेरांचं पहिल्यांदा वाजलं.

मी म्हटलं, आपण ती मुकी दाखवू. लोक आपल्या आजी-आजोबांना बघायला येणार, त्यांच्या डोक्यावर तो आवाज कशाला? मेनेर म्हणाले, आवाजाशिवाय दाखवायची नाही. त्यांचं म्हणणं असं, की आवाज काढला तर ती नुसती सुंदर फिल्म उरते, आणि बनवणाऱ्याला तेच तर हवं होतं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी त्यांनी ऑफिसात कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यांचे वडील एका छोट्या गावातल्या थिएटरमध्ये प्रोजेक्टर चालवायचे. त्या वर्षांत मुख्य सिनेमाच्या आधी सत्तेच्या बातम्यांची फिल्म लावणं त्यांना भाग होतं. लोक अंधारात खोकायचे, पाय घासायचे, हसायचे. युद्ध संपल्यावर लोकांनी वडिलांना विचारलं, तू लावलीसच का? त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. मरेपर्यंत ते सिनेमा बघायला गेले नाहीत.

"लावली तर पूर्ण लावायची," मेनेर म्हणाले. "अर्धी लावून आपण हात धुवून घेऊ शकत नाही."

मी दोन दिवस विचार केला. मला त्यांचं पटत होतं आणि माझंही सुटत नव्हतं. शेवटी मी म्हटलं की नुसता आवाज ऐकला तर लोक म्हणतील, असल्या बडबडीला कोण भुललं असेल. ते काम किती चांगलं होतं हे दिसलं नाही तर लोक का भुलले हेही कळणार नाही. तेव्हा दोनदा दाखवू. आधी मुकी, मग आवाजासकट. मेनेरांनी खांदे उडवले. त्यांच्याकडून ती मोठी संमती असते.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही तिथे पोचलो. सभागृहात खुर्च्या, कॉफीचे थर्मास, सफरचंदाचा केक. पन्नासेक माणसं असतील. माझी चौदा वर्षांची मुलगी प्रोजेक्टरच्या वायरी ओढायला म्हणून आली होती. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि त्या दिवशी बायका त्याकडे कौतुकाने बघत होत्या. पहिल्या रांगेत चाकांचा वॉकर बाजूला लावून नव्वदीच्या एक आजीबाई बसल्या होत्या. पांढरे केस विंचरून मागे बांधलेले, कोटाला सगळी बटणं लावलेली.

मुकी फिल्म सुरू झाली आणि सभागृह खूश झालं. हे आमचं वळण, ते बेकरीवाल्याचं घर, ही तुझ्या आजीची बहीण. लोक बोटं दाखवत होते, मी भराभर लिहून घेत होते. पेंढ्यांमधून ती मुलगी पळत आली तेव्हा आजीबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ती मी आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वेळा पळवलं मला. बाराव्या वेळी मी रडले, म्हणून ते थांबले."

सगळे हसले. मीपण हसले. फिल्म संपली, टाळ्या पडल्या, कॉफी झाली.

मग मेनेरांनी उठून सांगितलं की आता हीच फिल्म आवाजासकट लावतो आहोत, कारण ती अशीच बनवली होती. आवाज सुरू झाला. मी पडद्याकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते. हळूहळू बोटं खाली आली. मघाशी ज्या ढगांना लोक वा म्हणाले होते, त्या ढगांवर आता कुणी काही बोललं नाही. या मातीने आपले मुलगे आपल्याजवळ ठेवलेत, हे वाक्य आलं तेव्हा मागून कुणीतरी खुर्ची सरकवली.

"इथे थांबवा," आजीबाई म्हणाल्या.

मेनेरांनी प्रोजेक्टर थांबवून दिवे लावले. मी आमच्या लॅपटॉपवर काढून ठेवलेल्या चौकटी पडद्यावर लावल्या, पाचही तरुण शेजारी शेजारी. मला वाटलं होतं हे मी समजावून सांगेन. गरज पडली नाही.

"तो माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "पाचही वेळा तोच."

मग त्या बोलायला लागल्या आणि आम्ही परवानगी विचारून रेकॉर्डर सुरू केला. फिल्मवाले चार दिवसांसाठी आले होते, म्हणाल्या. राहिले तीन आठवड्यांच्या वर. गावातली बाकीची बहुतेक पोरं तोवर नेली होती किंवा पळाली होती. त्यांचा भाऊ एकोणीस वर्षांचा. त्याच्या नावाचीही चिठ्ठी आली होती. कॅमेरावाल्याने पहिल्याच दिवशी त्याला शेतात पाहिलं आणि म्हणाला, हा मला हवा. त्याने कुठूनसा कागद आणून दिला की फिल्मचं काम चालू आहे तोवर या मुलाला नेऊ नये. मग रोज सकाळी तो माणूस आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, आज ढग बरोबर नाहीत. उद्या करू. झालेली दृश्यं परत करायचा. टोपी बदल, सदरा बदल, तिकडून चाल.

"आई म्हणायची, तो मुद्दाम दिवस काढतोय, आपल्या पोरासाठी. ती त्याला ताक नेऊन द्यायची. वडील म्हणायचे, त्याला पोराचं काही पडलेलं नाही, त्याला त्याचे ढग हवेत. दोघं त्यावरून भांडायचे."

शेवटच्या दिवशी कॅमेरा पेटीत घालताना तो माणूस भावाला म्हणाला की उद्यापासून माझ्याकडे तुझ्यासाठी काम नाही. बाकी काही नाही. भाऊ त्याच दुपारी सायकलवरून निघून गेला आणि दूरच्या एका शेतावर लपून राहिला. युद्ध संपल्यावर परत आला. लग्न केलं, मेंढ्या पाळल्या, ऐंशी वर्षं जगला. फिल्म त्याने कधी पाहिली नाही.

सभागृहात कुणीतरी हळूच म्हटलं, म्हणजे तो कॅमेरावाला चांगला माणूस होता. मलाही ते म्हणावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अकरा वेळा पळवलेली ती मुलगी, ते मागवून घेतल्यासारखे ढग, सगळ्याला एकदम एक छान अर्थ मिळत होता.

आजीबाईंनी त्या दिशेला मान वळवली. "त्याच्या कोटावर त्यांचा बिल्ला होता," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून गेल्यावर त्याने दुसरी फिल्म केली. जर्मनीत कामाला गेलेली पोरं किती मजेत आहेत, अशी. आमच्या शेजारचा मुलगा भावाच्याच वयाचा. त्याला त्याने घेतलं नाही, कारण तो कॅमेऱ्यात चांगला दिसत नव्हता. तो मुलगा जर्मनीला गेला आणि परत आला नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तो चांगला होता की नाही, मला माहीत नाही. मला ही दोन पोरंच माहीत आहेत, भाऊ आणि तो."

मग त्यांनी फिल्म थोडी मागे घ्यायला सांगितली. गाडी एका गोदामासमोरून जाते, तिथे. दारावर नवी पाटी दिसत होती, रंग अजून चकचकीत. त्या म्हणाल्या की जवस विकत घेणारे व्यापारी तिथे राहायचे, या पाटीखाली त्यांचं नाव होतं, ज्यू कुटुंब, त्यांची धाकटी मुलगी माझ्याबरोबर दोरीवरच्या उड्या मारायची. आदल्या वर्षी त्यांना नेलं. कुणीच परत आलं नाही. परक्यांचा बाजार असं तो आवाज म्हणतो ना, ते त्यांच्याबद्दल आहे. त्यांनी त्या कुटुंबातल्या पाचही जणांची नावं सावकाश सांगितली, आणि मी ती विचारून विचारून बरोबर लिहून घेतली.

मेनेरांनी उरलेली फिल्म शेवटपर्यंत चालवली. लोक जागेवर बसून राहिले. संपल्यावर टाळ्या नव्हत्या, पण कुणी लगेच उठलंही नाही. नंतर बायकांनी आजीबाईंच्या भोवती खुर्च्या ओढल्या आणि केक परत फिरवला. एक मध्यमवयीन गृहस्थ, त्या भावाचा मुलगा, पडद्यासमोर जाऊन आपल्या वडिलांच्या पाचही चौकटी बराच वेळ बघत होता. त्याने मला विचारलं की यातली एक चौकट छापून मिळेल का. कुठली, मी विचारलं. तळ्याच्या कडेला पाठमोरी आहे ती, तो म्हणाला, मेंढ्यांकडे बघत ते असेच उभे राहायचे.

परतीच्या बसमध्ये माझ्या मुलीने विचारलं, डचमध्येच, की एखादी गोष्ट खोटी असून इतकी छान कशी असू शकते. मी म्हटलं, पेंढ्या खऱ्या होत्या, ऊन खरं होतं, तू पाहिलेली ती मुलगी खरीच पळत होती. काय दाखवायचं नाही हे ठरवलेलं होतं, खोटेपणा तिथे होता. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, म्हणजे आपल्या फॅमिली ग्रुपवर तू फोटो टाकतेस तसं. मी पुढच्या सीटवर बसलेल्या मेनेरांच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

पुढच्या आठवड्यात मी नोंद लिहायला बसले. आमच्या तक्त्यात विषयासाठी एक छोटा चौकोन असतो आणि मी तिथे आधी नुसतं 'शेती, जवस' लिहून ठेवलं होतं. ते पुसलं. जोडणी किती कौशल्याची आहे हे लिहिलं, मुलगी आणि धोटा यांचं सगळं गणित मांडून. हे कौशल्य कशासाठी वापरलं तेही लिहिलं. एक तरुण पाच ठिकाणी कसा दिसतो, शेजारचा मुलगा का दिसत नाही, पाटीखाली कुणाचं नाव होतं. नोंद दोन पानांची झाली. एरवी मेनेर माझ्या नोंदी निम्म्या करतात. ही त्यांनी दोनदा वाचली, दोन व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. तेव्हा त्यांनी एक सुचवलं, की यापुढे कुणालाही ही फिल्म पाहायला दिली तर आजीबाईंचं रेकॉर्डिंग तिच्याबरोबरच द्यायचं, सुटी फिल्म कुणालाच नाही. आता तसा नियम झालाय. शाळा मागवतात. शिक्षक आधी मुकी लावतात, मग आवाज, मग आजीबाई.

आजीबाई स्वतःही आमच्याकडे आणखी फिल्म मागतात, असं म्हणायला हवं. त्या शनिवारनंतर पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला की तुमच्याकडे आमच्या भागातलं आणखी काय काय आहे? तेव्हापासून दर दुसऱ्या मंगळवारी त्यांचा भाचा, त्या भावाचा मुलगा, त्यांना गाडीतून आणून सोडतो. त्या टेबलाशी बसतात, मी रीळ फिरवते, त्या ओळखतात. लग्नं, मिरवणुका, पुरात बुडालेली कुरणं, फुटबॉलच्या मॅचेस. आमच्या जुन्या नोंदींमधल्या चुका त्या निर्दयपणे काढतात. मेनेर एकदा म्हणाले की हे चर्च अमुक गावचं असावं. त्या म्हणाल्या, "तुम्ही असावं म्हणू नका, मला विचारा." पुढच्या मंगळवारी मेनेरांनी येताना आजीबाईंसाठी जाड उशी आणली, टेबलाची खुर्ची फार कडक आहे म्हणून.

मी त्यांना दुपारी डब्यातलं काही ना काही देते. पोळी-भाजी त्या आनंदाने खातात, चहा मात्र फार गोड आहे म्हणतात आणि तरी संपवतात. मला कामावर जाताना कधी कधी वाटतं, इतक्या लांब येऊन मी पुन्हा तेच करतेय, अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांचे चेहरे मागेपुढे करतेय. पण इथे मी काही कापत नाही, आणि माझ्या शेजारी बसलेली बाई मला थांबव म्हणू शकते.

गेल्या मंगळवारी एका जत्रेची फिल्म होती. शेतकरी, बायका, टांग्यावर बसलेला एक माणूस. आजीबाईंनी खूप वेळ पाहिलं. माणूस त्यांना आठवेना. घोड्याचं नाव मात्र त्यांनी चटकन सांगितलं. मी मेनेरांकडे पाहिलं. ते म्हणाले, लिही, आणि मी लिहिलं.